बोंबलांच्या दोरीवरचे बोर्ड

गजाभाऊ म्हात्रे सर्किट बोर्ड बोंबलांच्या शेजारी वाळत घालतात. रेवसला त्यांच्या अंगणात मी स्वतः पाहिलं आहे. दोन बोंबील, एक बोर्ड, पुन्हा दोन बोंबील. शेजारच्या काकूंनी एकदा घाईत सगळंच टोपलीत काढलं आणि मग बोर्ड परत आणून दिला. म्हणाल्या, "गजा, हा काय शिजला न्हाय बाबा."

आमच्या छोट्या कारखान्यात मच्छीमार होड्यांवरच्या वायरलेस सेटचे बोर्ड बनतात. मी खरेदी बघते, गजाभाऊ सोल्डरिंगचं मशीन. बोर्डावर आधी फ्लक्सचा फवारा बसतो, मग तो तापतो, मग वितळलेल्या कथलाच्या लाटेवरून सरकतो. फ्लक्स तांब्यावरचा मळ काढतो. तो नसेल तर कथील धरत नाही. चुकीचा असेल तर धरतं, पण मागे राहिलेला फ्लक्स पुढे कित्येक महिने सांधा खात बसतो. एवढं मला वीस वर्षांत कळलं. बाकीचं गजाभाऊंना कळतं.

कसं कळतं ते विचारू नका. मशीनपाशी डोळे मिटून उभे राहतात आणि लाटेचा आवाज ऐकतात. एकदा अचानक मशीन थांबवून म्हणाले, "चुरचुरतंय. फ्लक्स ओला हाय." तापमानाच्या काट्यावर सगळं ठीक दिसत होतं. उघडून पाहिलं तर तापवायची एक पट्टी बंद, आणि काटा नुसताच अडकलेला. त्या दिवसापासून मी काट्यापेक्षा गजाभाऊंना मानते.

त्यांची सगळ्या जगाला लावायची एकच कसोटी, "बोलला पायजे." बोर्ड बोलला पाहिजे, चहा बोलला पाहिजे. नवा सुपरवायझर आला तेव्हा आठवडाभर त्याच्याकडे पाहून त्यांनी निकाल दिला, "दिसतो बरा, पन बोलत न्हाय."

गेल्या वर्षी कारखान्याच्या शेठना जुना राळेचा फ्लक्स नकोसा झाला. त्याने बोर्डावर तपकिरी, चिकट डाग राहतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. विक्रेता नव्या फ्लक्सचे दोन डबे घेऊन आला. पहिल्याचे सांधे आरशासारखे, पण नंतर बोर्ड पाण्याने धुवायचा. गजाभाऊंनी आमच्या बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. "मचूळ. मीठ लावून धुनार का?" तो डबा तिथेच बाद झाला. दुसऱ्याला धुवायची गरज नव्हती आणि बोर्डही स्वच्छ दिसत होता. शेठ खूश. गजाभाऊंनी मात्र पंधरा दिवस मागितले. माल तीन आठवड्यांत द्यायचा होता. शेठ मला म्हणाले, म्हाताऱ्याला समजवा.

दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी समजवायला गेले आणि ती दोरी पाहिली. खाऱ्या वाऱ्यात जुन्या राळेचे आणि नव्या फ्लक्सचे बोर्ड लटकत होते. गजाभाऊंनी माझ्या हातात भिंग दिलं. नव्या फ्लक्सचा बोर्ड लख्ख होता. फक्त मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या खाली, जिथे उष्णता न पोचल्याने फ्लक्स ओलाच राहिला होता, तिथे तांब्यावर बारीक हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं. उष्णता वाढवून त्यांनी पाहिलं होतं, तर लहान भाग करपत होते. राळेच्या बोर्डावर जणू कुणी काकवी सांडली होती, पण त्या काकवीखालचं तांबं जसंच्या तसं होतं.

"घान दिसतो," गजाभाऊ म्हणाले. "पन ताई, वादळात होडीवाला बोर्ड बघनार हाय का बोलनार हाय?"

मी दोन्ही बोर्ड नेऊन शेठच्या टेबलावर ठेवले, शेजारी भिंग. शेठनी बराच वेळ पाहिलं. मग बोर्डांना बोंबलाचा वास येतो म्हणाले आणि राळेची ऑर्डर द्यायला सांगितली.

परवा भाऊच्या धक्क्याला जायला रेवसला गेले. लाँचला उशीर होता. रेवसच्या धक्क्याजवळ मच्छीमार सोसायटीची खोली आहे, तिथे वायरलेसपाशी गजाभाऊ बसलेले दिसले. बायको गेल्यापासून कारखान्यातून सुटले की इथेच येतात, असं चहावाल्याने सांगितलं. सेटवर एकेक होडी आपलं नाव सांगत होती. "बोलतोय, काका." गजाभाऊ डोळे मिटून ऐकत, मशीनपाशी ऐकतात तसेच, आणि म्हणत, "ऐकला." असं रोज, प्रत्येक होडीचं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही.

शेवटच्या होडीवरचा तांडेल थोडा रेंगाळला. "काका, जेवला का दुपारचा?"

गजाभाऊंनी बटण दाबलं. "व्हय रे. कवाच. तू सेट भिजवू नको."

त्यांचा डबा बाकावर तसाच होता. वरची गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

मी गाठ सोडली, डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि लाँचकडे निघाले.