टिनोबाची प्रदक्षिणा

विज्ञान प्रदर्शनात मी आजवर एकदाही हरलेलो नव्हतो! सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेत मी अकरा वर्षं विज्ञान शिकवत होतो, पण पराभव म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. कारण अगदी सोपं आहे. मी कधी भागच घेतला नव्हता! परिपत्रक आलं की त्यावर 'वाचले' असं लिहायचं, खाली सही ठोकायची आणि टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकायचं. त्या खणातून आजवर काही वर आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, काय आळशी मास्तर! आळशी नाही हो, दमलेला. राजापूरहून इथं नोकरीला आलो तेव्हा मीही तडफदार होतो. मग जनगणना झाली. मतदारयाद्या झाल्या. एकदा तर गुरंसुद्धा मोजून झाली. शिकवणं हे काम मी या सगळ्यातून उरलेल्या वेळात करत होतो. थोडक्यात, आमची प्रयोगशाळा म्हणजे शाळेतली पंखा असलेली एकमेव खोली होती आणि मधल्या सुट्टीत त्या पंख्याखाली मी वीस मिनिटं डोळे मिटत असे. बस्स, एवढंच माझं सुख.

त्र्याण्णव सालच्या ऑगस्टात मुख्याध्यापिका शैलजाबाई हातात कागद फडकवत आत आल्या. बाई मूळच्या गिरगावच्या. बोलतात तेव्हा समोरच्यानं वहीत उतरवून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असते.

"आंबेरकर, ही खोली जाणार!"

"कुठं जाणार?"

"वरच्या ऑफिसला जुनी कपाटं ठेवायला जागा हवी आहे. 'प्रयोगशाळेचा वापर होत नसल्याचे निदर्शनास आले आहे,' असं लिहिलंय. कुणी पाहिलं हो तुम्हाला झोपताना?"

मी पंख्याकडे पाहिलं.

"दसरा झाला की सोमवारी विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा आहे," बाई म्हणाल्या. "नंबर आणा. नंबर आला तर खोली आपली. नाही तर कपाटं!"

मी 'बघू' म्हणणार होतो. पण मागच्या बाकावर जया बसली होती. नववीतली जया. तिचे वडील भिका जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात फिटर. मूळ धुळ्याकडचे. पोरगी शाळा सुटली तरी घरी जायची नाही, प्रयोगशाळेत बसून मोडक्या ट्रान्झिस्टरची पोटं फाडायची. पुढं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"सर," ती म्हणाली, "कपाटं आली तर प्रॅक्टिकल कुठं करायचं?"

मी बाईंच्या हातातला कागद घेतला आणि खणात न टाकता खिशात ठेवला. पंख्यासाठी ठेवला, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण ते काही खरं नव्हतं.

झालं! लागलो कामाला. म्हणजे जया लागली. पंधरा किलोच्या तेलाचे दोन डबे एकावर एक ठेवून धड झालं. भिकानं भंगारातून गाडीच्या वायपरच्या दोन मोटारी आणल्या. मोटारसायकलची बॅटरी आली. डोळ्यांच्या जागी उजेड ओळखणाऱ्या दोन टिकल्या बसवल्या. जिकडं उजेड जास्त, तिकडं गडी वळणार आणि चालू लागणार! जया टॉर्च घेऊन उलट्या पावलांनी चालायची आणि मागून हा डबा खडखडत यायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं टिनोबा. या सगळ्यात मी काय केलं? मी अधूनमधून 'छान' म्हणालो. तेवढंही मला जड गेलं.

बेत असा ठरला. टिनोबाच्या हातात पुष्पगुच्छ द्यायचा. जयानं टॉर्च दाखवत त्याला प्रमुख पाहुण्यांपर्यंत न्यायचं. पाहुण्यांनी गुच्छ घ्यायचा, टाळ्या व्हायच्या, खोली आपली!

शनिवारी खंडेनवमी आली. सकाळीच भिका नारळ, झेंडूचा हार आणि नाडाछडीच्या लाल-पिवळ्या दोऱ्याची गुंडी घेऊन प्रयोगशाळेत हजर. सोबत आमच्या शिपाई मंजुळाबाई, हातात हळदकुंकवाचं ताट.

"सर, आज मशीनले पूजा," भिका म्हणाला. "आमच्या कंपनीत नवीन मशीन आलं तं साहेबबी आधी नारळ फोडतो. मंग बटण."

"पण भिका, आज रंगीत तालीम..."

"आज? आज याले हात नाही लावायचा! हत्यार पुजलं का त्या दिवशी त्याले सुट्टी. वर्षभर राबतं बिचारं."

काय सुंदर विचार! अकरा वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मी लगेच तालीम रद्द केली. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं वाटायचं, श्रीखंड खायचं, तालीम कसली करता?

सोमवारी सकाळी सभागृहाच्या एका कोपऱ्यात आम्ही टिनोबावरची चादर काढली. गळ्यात हार. कपाळाला कुंकू आणि ते ओघळून उजव्या डोळ्यावर. जयानं फ्रॉकच्या टोकानं डोळा पुसला. मग ती मागं गेली आणि तिथंच थांबली.

"सर, बटणावर दोरा आहे."

भिकानं टिनोबाच्या पोटाला नाडाछडीचे चांगले सात वेढे दिले होते. सातही नेमके बटणावरून! मी कात्री मागितली.

"पूजेचा दोरा कापायचा नाय, सर!" मंजुळाबाई किंचाळल्याच. "आपला आपण गळून पडू द्या!"

"कधी पडेल?"

"पडंल की दिवाळीपर्यंत."

जयानं दोऱ्याखालून पेन्सिल घातली आणि बटण वर ढकललं. मोटारी गुरगुरल्या. पेन्सिल काढली तसा दोरा बटणाच्या खाली जाऊन घट्ट बसला.

"चालू झाला, सर. पण आता बंद होणार नाही."

"ते नंतर बघू," मी म्हणालो. हे माझं आवडतं वाक्य आहे. याच्याइतकं नुकसान माझं दुसऱ्या कुठल्याही वाक्यानं केलेलं नाही.

तेवढ्यात पाहुणे आलेच. दिल्लीकडचे मोठे अधिकारी, जाकीट वगैरे. दुसऱ्या एका शाळेला स्लाइड दाखवायच्या होत्या म्हणून सभागृहाची दारं बंद आणि खिडक्यांना काळे कागद. पाहुणे स्टेजच्या पायथ्याशी माईकपाशी उभे राहिले. टिनोबा दुसऱ्या टोकाकडून निघाला. पुढं जया, टॉर्च दाखवत. सगळं झकास! आणि एवढ्यात लाइट गेली!

तरी हरकत नव्हती. टॉर्च होता ना. पण आठवडाभर सराव करून त्यातले सेल पार मेले होते. टॉर्चमधून उजेड कसला, नुसता पिवळट आशीर्वाद येत होता. आणि नेमक्या त्याच वेळी शैलजाबाई तबकात पाच वातींचं निरांजन घेऊन पाहुण्यांना ओवाळायला पुढं झाल्या.

टिनोबानं एकदा टॉर्चकडं पाहिलं. मग निरांजनाकडं पाहिलं. आणि सरळ वळला!

बाईंचं पहिलं ओवाळणं होतंय न होतंय तोच डबा खडखडत त्यांच्या अंगावर आला. बाई एक पाऊल सरकल्या. तो सरकला. बाई पाहुण्यांच्या मागं गेल्या. तो मागं गेला!

"आंबेरकर! बंद करा याला!"

"बाई, दोरा आहे!"

"कसला दोरा?"

"पूजेचा! तुम्ही निरांजन फुंकून टाका ना!"

हे मी बोललो आणि अंधारात सगळ्या शाळांच्या शिक्षिका एका सुरात 'अगं बाई!' म्हणाल्या. ओवाळताना निरांजन फुंकायचं? पाहुण्यांच्या तोंडावर? मी विज्ञानाचा माणूस, पण मलाही स्वतःची लाज वाटली.

"मग तबक खाली ठेवा!"

"अर्धवट ओवाळून?" बाई पाहुण्यांभोवती पळता पळता म्हणाल्या. "काय बोलता तुम्ही!"

एक फेरी झाली. दोन झाल्या. पुढं बाई, मागं टिनोबा आणि टिनोबाच्या हाताला अडकलेली माईकची वायर पाहुण्यांच्या गुडघ्यांभोवती गुंडाळली जातेय! तिसऱ्या फेरीला पाहुणे वडाच्या झाडासारखे बांधले गेले. बिचाऱ्यांनी हात जोडले ते जोडलेच.

जयानं टॉर्च खिशात टाकला. शांतपणे पुढं झाली.

"बाई, तबक द्या."

तिनं तबक घेतलं, वायर टिनोबाच्या हातातून सोडवली आणि राहिलेलं ओवाळणं नीट पुरं केलं. मग उलट्या पावलांनी दाराकडं निघाली. टिनोबा तिच्यामागं, अगदी शहाण्यासारखा. मंजुळाबाईंनी दार उघडलं. बाहेर रणरणतं ऊन! सगळीकडंच उजेड! टिनोबाला काही सुचेना. जया बाजूला झाली आणि हा नाकासमोर चालत पोर्चमधल्या पाहुण्यांच्या ॲम्बॅसडरवर जाऊन धडकला. धाडकन! पुष्पगुच्छ बॉनेटवर पडला.

मी मिळेल त्या खुर्चीत बसलो. खोली गेली, पंखा गेला, सगळं गेलं. पण खरं सांगतो, तेव्हा मला पंख्याचं काही वाटलं नाही. त्या पोरीला कुणी बोलू नये, एवढंच वाटत होतं. चूक माझी होती. मी दोन महिने 'छान' म्हणण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

पाहुण्यांना वायरमधून सोडवायला चौघे लागले. ते दारापर्यंत गेले. बॉनेटवरची फुलं पाहिली. आणि वळून म्हणाले,

"वाह! मशीन ने परिक्रमा की! और फूल भी गाड़ी तक पहुँचा दिए! ये किसका आइडिया है?"

परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. प्रमुख पाहुणे खूश असताना परीक्षकांनी वेगळं मत ठेवायचं नसतं. पहिला नंबर!

"बगा," पोरीसाठी रजा टाकून आलेला भिका माझ्या कानाशी म्हणाला, "पूजा केली म्हणून!"

आठवड्याभरात पत्र आलं. प्रयोगशाळा शाळेकडेच राहील. शैलजाबाईंनी ते वर्गावर्गात वाचून दाखवलं. पत्राचा दुसरा परिच्छेद मात्र त्यांनी मला एकट्याला वाचायला दिला: यापुढे सर्व सरकारी समारंभांत पाहुण्यांच्या स्वागतासाठी सदर यंत्रमानव पाठवावा. सोबत विज्ञान शिक्षकांनी जावे.

तेव्हापासून मी टेम्पोत बसून असतो. डोकमर्डीत पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, सायलीत रस्त्याचं, कुठं बोअरिंगचं. मांडीवर तेलाचे डबे, खिशात काडेपेटी आणि वाती. महिन्यातले बारा दिवस माझे टिनोबामागं जातात. खोलीची किल्ली जयाकडं दिली. म्हटलं, तेवढं प्रॅक्टिकलचं तू बघ, मी आलोच.

परवा शाळातपासणी झाली. मी अर्थातच नव्हतो. शेरापुस्तकात तपासनीसांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय: 'प्रयोगशाळेचे काम प्रथमच समाधानकारक आढळले. विज्ञान शिक्षकांचा दौरा असाच चालू ठेवावा.'

बाईंनी खाली सही केली आहे. मीही केली. 'वाचले.'