मधल्या खडकावरचं भांडण

प्राणहितेच्या मध्यावर एक काळा खडक आहे. डोंगा तिथे पोचला की सामेलभाऊ वल्हं आत घ्यायचा, दोराचा फास खडकावर टाकायचा, उभा राहायचा आणि आभाळाकडे तोंड करून देवाशी भांडायला लागायचा.

"काऊन रे बापा! छप्पर गळून राह्यलं, गुडघा धरून राह्यला, जाळ्यात मासोळी नाई, आन् तू वरतं बसून पाहून राह्यला! मले का बिनवारशाचा समजला काय?"

नवखा माणूस डोंग्यात असला की त्याची गाळणच उडायची. भोवती पाणी, आणि ज्याच्या हाती जीव तो आभाळाशी हुज्जत घालतोय! जुने लोक मात्र निवांत तंबाखू मळायला घेत. भांडण संपलं की सामेलभाऊ डोळे मिटून "आमेन" म्हणायचा, वाकून ओंजळभर पाणी प्यायचा आणि काही झालंच नाही अशा तोंडानं वल्हं उचलायचा.

मी गणपत, सिरोंच्याचा शिंपी. दर बाजाराला मशीन घेऊन पलीकडच्या तीरावर जायचो. तिकडचं निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. राज्य बदललं तरी लोकांच्या बंड्या त्याच ठिकाणी फाटत होत्या, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. पण त्यापायी जाताना आणि येताना हा सामेलभाऊ भोगावा लागे. भोगावा असंच म्हणतो. मांडीवर मशीन, डोक्यावर ऊन आणि कानात दुसऱ्याच्या देवाचं भांडण! करून पाहा एकदा.

सामेलभाऊ ढिवराचा पोरगा. बापानं मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हा पाळण्यात होता. रविवारी देवळात शेवटच्या बाकावर इतका गप्प बसे की मेला की जिवंत कळू नये. एकदा पाद्रीसाहेब डोंग्यात होते. त्यांनी खडकावरचा तमाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"सामेल, देवाशी असं बोलतात का?"

"पाद्रीसाहेब, येशू सोता दोस्ताच्या कबरीपाशी रडला ना? मंग मले काऊन मनाई?"

सामेलभाऊनं दोर काही सोडला नाही. "तुमचं काई असन तं बोलून घ्या. इथी कोणी हासत नाई." साहेबांनी घसा खाकरला आणि दर पावसाळ्यात येणाऱ्या हिवतापाबद्दल देवाला हळू आवाजात दोन शब्द सुनावले. उतरताना त्यांचा चेहरा जरा हलका दिसत होता, हे मी शपथेवर सांगतो.

सामेलभाऊचा नियमच होता, मनातली आग काठावर उतरवायची नाही. "इथीच ओता सारं. त्याचे खांदे लय रुंद हायेत. बायकोचे नाईत, बैलाचे नाईत." पोचाबाई नावाची एक म्हातारी तर बाजाराला जायचीच नाही. खडकापर्यंत यायची, सुनेच्या नावानं पोचम्मादेवीला हाका मारून मनसोक्त शिव्या घालायची आणि परतीच्या डोंग्यानं घरी. सूनही वस्ताद. सासूला भाकर बांधून देऊन स्वतः घाटावर पोचवून जायची, कारण घरी येणारी सासू लोण्यासारखी मऊ असायची.

या माणसाची आणखी एक खोड होती, ती मात्र डोकं उठवायची. तो पुढच्या टोकाला उभा राहून वल्हवायचा आणि जरा वेळ गेला की मागे न पाहता एकेकाला हाक मारायचा.

"गणपत, हायस का?"

"आहो."

"पोचाबाई, हायस का?"

"आहो रे बाबा!"

काठ येईपर्यंत हीच हजेरी. वैताग! "नाई, पोहत गेलो पुढं," असंही मी म्हणून पाहिलं, पण फरक शून्य. एकदा लग्नाला निघालेल्या पोरांनी गंमत म्हणून ओ दिलीच नाही. सामेलभाऊ गर्रकन वळला. तोंड राखेसारखं झालेलं. पोरं तिथेच होती, दात काढत. तो कोणाला रागावला नाही, पण उरलेली नदी त्याला धड वल्हवता आली नाही. आम्ही आपलं म्हटलं, म्हाताऱ्याचा पेच ढिला झाला.

मग एका साली भादव्यात माझी बायको यमुना गेली. ताप चढला तो उतरलाच नाही.

मी रडलो नाही. सगळं रीतीनं केलं आणि मशीनवर बसलो. दिवसभर पाय हलवत राहायचो. आई रडायला लागली की तिच्यावर खेकसायचो. लोक म्हणायचे, गणपत मोठा धीराचा. कसला धीर आला! भाकर गिळवत नव्हती. सकाळी घाटावर गेलं की वाटायचं, असंच चालत आत शिरावं आणि वर येऊच नये. हे मी कोणाला बोललो नाही. बोलायचं तरी कोणाला?

एका सकाळी सामेलभाऊ दारात उभा.

"चाल."

"आज बाजार नाई, भाऊ."

"चाल म्हनलं ना."

डोंग्यात आम्ही दोघंच. खडकाला फास पडला. मी म्हटलं, आता याचं छप्पर आणि याचा गुडघा सुरू होणार. पण तो उभाच राहिला नाही. माझ्यासमोर फतकल मारून बसला.

"बोल."

"काय बोलू?"

"जे हाये ते."

"काई नाई."

"मंग बसू."

आणि बसलाच. ऊन डोक्यावर आलं. पाणी खडकाला घासून चाललं होतं. हा माणूस आपला दोर धरून ढिम्म. शेवटी माझं डोकं फिरलं.

"सोडा मले! माहं काम पडलं हाये! कोणाले बोलू मी? तुमच्या देवाले? तुमच्या देवानं काय केलं माह्यासाठी?"

"मले काऊन विचारतं? त्याले विचार."

मी उभा राहिलो आणि विचारलं. काय काय विचारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या देवाला बोललो, माझ्या देवाला बोललो, तापाला बोललो, मला टाकून गेली म्हणून यमुनेलाही बोललो. आवाज फाटला तसा खाली बसलो आणि डोंग्याची कड धरून लेकरासारखा रडलो. सामेलभाऊनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की उगी म्हटलं नाही. डोंगा हलू नये म्हणून दोर तेवढा घट्ट ताणून बसला.

पाण्याकडे पाहत तो बोलला.

"बुडणारा माणूस ओरडत नाई, गणपत. लोकायले वाटते ओरडन, हात हालवन. नाई. गुपचूप जाते. तुले मशिनीवर पाह्यलं आन् मले समजलं."

"तुमाले कसं समजलं?"

"माहा योहान मांगं बसला होता. दुधाचे दात पडून राह्यले होते त्याचे. मी पुढं पाहून वल्हवत होतो, भजन म्हणत. काठाले लागलो, मांगं पाह्यलं. डोंगा रिकामा." त्यानं दोर हाताला गुंडाळला. "एक हाक आली नाई रे. एक हाक आली असती तं..."

इतक्या वर्षांत त्या पोराचं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मंग देवाशी भांडता, ते..."

"लोकायसमोर छप्पर म्हणतो, गुडघा म्हणतो. आतमंदी तेच असते."

"त्यानं काई उत्तर देल्लं?"

"अजून नाई. पण मी एवढं बोलतो, तरी सोडून गेला नाई तो."

त्या दिवशी तो आमेन म्हणाला नाही. ओंजळीत पाणी घेतलं, आधी माझ्यापुढे धरलं, मग स्वतः प्यायला. फास काढला आणि पुढच्या टोकाला जाऊन वल्हं मारायला लागला. मी मागे बसलो. हाक येईल म्हणून वाट पाहिली, पण आली नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती, वाकलेली.

"आहो, सामेलभाऊ," मीच म्हणालो. "मांगं आहो."

त्याचं वल्हं क्षणभर पाण्यावर थांबलं. तो वळला नाही. मग पुन्हा वल्हवायला लागला, आणि काठ येईपर्यंत मी म्हणत राहिलो, "आहो, भाऊ. आहो."