सासूबाईंच्या व्रणातला मुलगा

सासूबाईंच्या पेशी मेल्या, त्या जावयाच्या हातून.

जावई ज्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता, तिथे जुन्या व्रणांतून मूळपेशी काढून झिजलेल्या सांध्यांसाठी वाढवून बघत. व्रण द्यायला माणसं मिळेनात, म्हणून त्याने सासूबाईंना गळ घातली. त्यांनी सिझेरियनच्या व्रणातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दिला, पण बजावून. "जपा बरं का, जावईबापू. तुमची बायको याच वाटेनं आलीय."

शनिवारी जावईबापू पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं दार नीट न लावताच घरी गेले. सोमवारी पेशी गारठून मेलेल्या.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना सांगावं तर नोकरी जाणार, सासूबाईंना सांगावं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. त्याने मुकाट्याने स्वतःचा गुडघा बधिर केला, तिसरीत सायकलवरून पडल्याच्या व्रणाचा तुकडा काढला आणि सासूबाईंच्या नंबराच्या डबीत ठेवला.

पेशी अशा वाढल्या की मोठ्या बाई थक्क. "या वयात इतक्या तरण्या पेशी?"

हे कानावर येताच सासूबाईंनी काठी माळ्यावर टाकली. "आतून मी पंचविशीची आहे," असं अख्ख्या इमारतीला सांगत त्या जिने चढू लागल्या. जावई मागून मान खाली घालून, लंगडत.

मग मोठ्या बाईंनी सासूसासऱ्यांना बोलावून घेतलं. "पेशी पुरुषाच्या निघाल्यात. घाबरू नका, मुलगा पोटात वाढला असेल तर त्याच्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहू शकतात. काय करतो मुलगा?"

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आपल्याला तर एकच मुलगी."

"मलाही तेवढीच आठवते," सासूबाई म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे मशीन आहे."

सासरे बोटांवर वर्षं मोजू लागले. "मधली दोन वर्षं मी बदलीवर होतो," ते हळूच म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा पडला. आता मात्र दाराशी उभ्या जावयाला राहवेना. त्याने पँटचा पाय वर करून गुडघ्याची पट्टी दाखवली.

"तो मुलगा मी आहे."

कपाटाच्या दारापासून सगळं सांगून होईपर्यंत त्याचे कानसुद्धा लाल झाले होते. मोठ्या बाईंनी अहवालावर काट मारली. सासरे बोटं मिटून खिडकीबाहेर बघू लागले.

सासूबाईंनी वाकून तो गुडघा नीट पाहिला. मग त्यांनी पर्स जावयाच्या हातात दिली आणि तपासणीच्या टेबलावर जाऊन आडव्या झाल्या.

"व्रण वीतभर उरलाय. घ्या अजून एक दाणा," त्या म्हणाल्या. "कपाटाचं दार मी लावीन."