मागून येणारी रेघ

मुलांनो, कल्पना करा. तुम्ही रेघ ओढताय, पण ती हाताबरोबर न येता कंटाळलेल्या कुत्र्यासारखी मागून येते. चेक देशात ब्रनोतल्या आमच्या घरी, लिनक्सवाल्या, म्हणजे आतली प्रत्येक ओळ स्वतः बदलता येणाऱ्या संगणकावर, हेच होत होतं.

माझी नात अपोलेना त्याच्या पडद्यावर पेनानं मांजर काढत होती. तो मृतांची आठवण काढायचा दिवस होता; तेव्हा अंधार पडला की सगळं गाव दफनभूमीत दिवे लावतं. आजी गेल्यानंतरच्या तिच्या पहिल्या दिव्याच्या काचेवर ते चित्र छापून चिकटवायचं होतं.

"आजोबा, रेघ मागे राहते. मिशा वाकड्या येतात."

"चहा उकळेपर्यंत दुरुस्त करतो," मी म्हणालो. लिनक्सवाला असं म्हणाला की चहा विसरायचा.

कारण सोपं होतं. एक प्रोग्राम बाकीच्या प्रोग्रामांच्या सगळ्या खिडक्या गोळा करतो, त्यांचं एक चित्र जुळवतो आणि मगच पडद्यावर पाठवतो. त्यात वेळ जातो. मी तो बंद केला. रेघ पेनाला चिकटून धावू लागली!

"आजीचं मांजर कुठं गेलं?"

पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या बायकोनं एक झोपलेलं मांजर ठेवलं होतं, स्वतः प्रोग्राम लिहून. शेपटी तेवढी हलायची. पण पारदर्शकपणा त्या जुळवणाऱ्या प्रोग्राममुळेच येतो. तो गेल्यावर मांजराभोवतीची जागा काळी झाली, आणि मांजर मुळातच काळं, म्हणून दिसेना.

"परत चालू करा ना."

आमच्या जमातीत मागे फिरत नाहीत, सेटिंगची आणखी एक ओळ बदलतात. मी बदलली. अपोलेनाच्या मांजराचं डोकं डावीकडे आणि पाय उजवीकडे गेले, भांडलेल्या भाडेकरूंसारखे.

"आजोबा, ते कापलं गेलं."

"थांब गं जरा." आणखी एक ओळ बदलली. पडदा पूर्ण काळा.

"आता सगळीकडे आजीचंच मांजर आहे," अपोलेना म्हणाली.

मला हसू आलं नाही. चहाचं भांडं करपल्याचा वास येत होता. मी एकेक ओळ मुकाट्यानं पूर्ववत केली. शेपटी हलली. रेघ पुन्हा मागे राहू लागली. बाहेर अंधारून आलं होतं.

"आजी कशी काढायची यावर?"

"थोडं काढायची. रेघ येईपर्यंत थांबायची."

"तुम्ही तिला दुरुस्त करून दिलं नाही?"

"तिनं कधी हात लावू दिला नाही."

अपोलेनानं कीबोर्ड उचलून आपल्या पाठीमागे ठेवला. मग एक मिशी ओढली, पेन उचललं, आणि हनुवटी हातावर टेकवून तिची वाट पाहत बसली.