इनामदार सरांचा घन

इनामदार सर कलिंगड विकत घेत नाहीत. ते गोल असतं, एवढीच त्यांची तक्रार आहे. "गोल चीज रचता येत नाय. मधे हवा राहते," असं ते शहागंजच्या फळवाल्याला दर उन्हाळ्यात सांगतात. फळवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत ऐकून घेतो.

सर निवृत्त गणितशिक्षक. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मते जगात सभ्य आकृती एकच, घन. "बारा कडा, बाराही सारख्या. सहा बाजू, सहाही बराबर. घनात नाइन्साफी नाय." हे वाक्य बारशाला, निवडणुकीच्या गप्पांत आणि एका साखरपुड्यात मुलाकडच्या मंडळींसमोरही ऐकण्यात आलं आहे. चहात ते साखरेचे ठोकळे घालतात. सुटी साखर त्यांना बेशिस्त वाटते.

शहरात नळाला पाणी कधी येईल, हे ज्योतिषीही सांगत नाहीत. गच्चीवरची मीटरभर लांब, तेवढीच रुंद आणि उंच टाकी पुरेनाशी झाली. सोसायटीचे सेक्रेटरी गायकवाड वाळूजच्या एका कारखान्यात कामाला. पत्र्याची नवी टाकी तिथून करून आणायचं त्यांनी अंगावर घेतलं आणि बैठकीत हिशेब मांडला, "पाणी दुप्पट पाहिजे, तर टाकी सगळीकडून दुप्पट. सोपं हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. फुकटच्या गणिताला आमच्याकडं विरोध होत नाही.

सरांनी खिशातून साखरेचे ठोकळे काढले. एक वेगळा ठेवला. शेजारी दोन लांब, दोन रुंद, दोन उंच असे रचले.

"कड दुप्पट केली, गायकवाडसाहेब. मोजा."

"आठ."

"पत्रा चारपट, पाणी आठपट. आठ टन. गच्चीसकट खाली येईल." रचलेले सगळे ठोकळे त्यांनी गायकवाडांच्या चहात सोडले. "प्या आता. तुमच्या हिशेबानं दुप्पटच साखर हाय."

"मग किती करू, सर?"

"सव्वा मीटर. पाणी जवळजवळ दुप्पट."

"सव्वानं दुप्पट? लई झालं, सर!" गायकवाडांनी मोबाइलवर गुणून पाहिलं, मोबाइलवरही संशय घेतला, मग माप लिहून घेतलं.

माप ठरलं, जागा ठरेना. जुनी टाकी जिन्यावर होती. नवी तिथं मावत नव्हती. वरच्या मजल्यावर तीन घरं. गायकवाडांकडं बाळंतीण. देशपांडेकाकूंच्या छताला आधीच ओल. पाणी सगळ्यांना हवं होतं, डोक्यावर कुणालाच नको.

"माझ्या खोलीवर ठेवा," सर म्हणाले. "चारी खांब तिथंच येतात."

खांबांचं कारण सगळ्यांना तत्काळ पटलं. या इमारतीत भूमिती इतक्या झटपट पूर्वी कुणाला कळली नव्हती.

टाकी बसली. पाणी आलं त्या दुपारी गळती बघायला गायकवाड आणि मी सरांकडं गेलो. सरांची बायको, आमची भाभी, वारल्यापासून सर एकटेच असतात. मुलगा पुण्यात. सर पलंगावर बसले होते. वर पत्र्यात धार आपटत होती.

"लईच आवाज होतो की, सर," गायकवाड ओशाळले. "पाइप तळापर्यंत सोडू का? आवाज बंद होईल."

"नाय, नाय." सरांनी बोट वर केलं. "ऐका. आत कुणीतरी भांडी घासतंय, असं वाटतं."