आधी चालवून बघा

आमच्या शेजारच्या मालनअक्का मातीत सापडलेली प्रत्येक अळी आधी परातीत चालवून बघतात. मारायची की सोडायची, ते नंतर.

हे मला कळलं ते माझी वांगी मरायला लागली तेव्हा. सांगलीत घर बांधलं तेव्हा मागे दोन खाटांएवढी जागा उरली. तिथे मी वांगी, मिरच्या, गवारी लावते. त्या वर्षी हौसेनं कच्चं शेणखत घातलं आणि श्रावण सरता सरता एकेक झाड मान टाकू लागलं. ओढलं की मुळांशिवाय हातात. खाली उकरलं तर करंगळीएवढी जाड, पांढरी, तांबड्या डोक्याची अळी अंग मुडपून पडलेली. हुमणी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे किंचाळले वगैरे नाही. चप्पल काढली.

"थांबा बाई," कुंपणापलीकडून आवाज आला. "आधी चालवा तिला."

अक्का काखेत परात घेऊन आल्या. अळी परातीत टाकली. ती मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिली. आम्ही दोघी उकिडव्या बसून वाट बघत होतो. मला तपासायच्या वह्या होत्या, पण उठायची सोय नव्हती. शेवटी अळीनं अंग उलगडलं, उताणी झाली आणि पाय आभाळाकडे करून पाठीवर सरपटत निघाली.

"ही गरीब," अक्का म्हणाल्या. "कुजकं खाती, मुळाला तोंड लावत न्हाई. जाऊ दे तिला खताच्या खड्ड्यात." दुसरी पायांवर खुरडत निघाली. "ही चोर." ती साबणाच्या पाण्यात गेली.

त्या दुपारी तीसेक अळ्यांची चौकशी झाली. नऊ निर्दोष सुटल्या. मला पटलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतलं पुस्तक काढून बघितलं. अक्कांचं बरोबर होतं. बावीस वर्षं मी फळ्यावर अळीचं चित्र काढते आहे. ती चालते कशी, हे कधी बघितलं नव्हतं.

अक्का मूळच्या पलूसकडच्या. नवरा गेल्यावर मुलानं सांगलीत घर बांधून त्यांना इथे आणलं. शेत सुटलं, अळ्या कमी पडू लागल्या, तशा त्या माणसं चालवून बघायला लागल्या. नळ दुरुस्त करणारा आला की आधी त्याला फाटकापर्यंत परत पाठवायचा, काहीतरी निमित्त काढून. माझ्या भाचीला बघायला रहिमतपूरचा मुलगा आला, तर अक्कांनी सगळ्यांदेखत त्याला बादली भरून आणायला सांगितली. त्याच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलगा निमूट गेला, बादली घेऊन आला.

"पोरगं बरं हाय," अक्का माझ्या कानात म्हणाल्या. "पाणी सांडलं न्हाई, आन् येताना फाटक लावून आलं." लग्न झालं. चांगलं चाललंय.

माझ्या नवऱ्याबद्दल मात्र एकदा म्हणाल्या, "सायेब आज टाचा घासत गेलं. मनात काय तरी हाय त्यांच्या." मी दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी कळलं, नवी चप्पल चावत होती.

"आवं, चप्पल चावतीया ही बायकूला सांगत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "म्हंजी मनात हायच की."

फक्त एका माणसाचं चालणं अक्कांना बघायला मिळत नव्हतं. त्यांच्या मुलाचं, रणजितचं. तो फौजेत. दीड वर्षापूर्वी घाटात गाडी उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुण्याला नवा पाय बसवला. पण तो घरी येईना. "नीट जमलं की येतो," एवढंच. अक्का दोनदा पुण्याला जाऊन आल्या. दोन्ही वेळा तो खाटेवर बसूनच भेटला. फोनवर नुसता चेहरा आणि मागे भिंत.

"घसा कोरडा पडलाय तुझा, उठून पाणी पी की," अक्का सुचवायच्या.

"तहान न्हाई, आये."

एकदा अक्कांनी सरळच सांगितलं, "जरा चालून दाखव." त्यानं फोन ठेवला आणि पंधरा दिवस केला नाही. ते पंधरा दिवस अक्कांनी कुणालाच चालवलं नाही. गोगलगायसुद्धा बघितली नाही.

गणपती झाल्यावर त्याचा फोन आला. मंगळवारी येतो, पण गल्ली गोळा करू नको.

मंगळवारी सकाळी अक्का घरोघर फिरल्या. "अकराला रिक्षा येईल. कुनी दारात थांबू नका. खिडकीतबी न्हाई." माझ्याकडे आल्यावर जरा थांबल्या. "बाई, तुमी तर अजिबात न्हाई. तुमची नजर तयार झालीया."

मी शब्द दिला. अकरा वाजता गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी कुकर बंद करायला गेले. खिडकी गॅसच्या वरच आहे आणि अक्कांचं वाफे केलेलं अंगण तिच्यासमोर, त्याला मी काय करणार.

रिक्षा फाटकाशी थांबली. अक्का वांग्यांच्या वाफ्यात बसल्या होत्या, फाटकाकडे पाठ करून. हातात खुरपं. फाटकापासून वाफ्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. रणजित कसा चालत आला ते मी सांगणार नाही. वेळ लागला, एवढं सांगते. मध्ये एकदा तो थांबला. अक्कांचं खुरपं थांबलं नाही आणि मान वळली नाही. तो वाफ्याशेजारच्या पायरीपर्यंत पोचला, बसला, दम घेतला.

"आये, वांगी धरली का गं?"

तेव्हा त्या वळल्या. "लय धरल्यात औंदा. हात धू, जेवाय वाढते."

दोघं आत गेल्यावर मी वाफ्याकडे बघितलं. फुलावर आलेलं, चांगलं तजेलदार झाड अक्कांनी मुळासकट उकरून काढलं होतं. मुळं शाबूत होती. त्या वाफ्यात एकही अळी नव्हती. रविवारीच आम्ही दोघींनी तो तपासला होता.

संध्याकाळी माझ्याकडे उरलेलं वांग्याचं एक रोप घेऊन अक्कांकडे गेले. "अक्का, तिथलं झाड हुमणीनं खाल्लं वाटतं."

"व्हय बाई," अक्का म्हणाल्या. "लय खाल्लं हुमणीनं." आणि रोप माझ्या हातातून घेतलं.