जगद्गुरूंना सर्दी झाली

मुलाचं नाव जगद्गुरू ठेवायचं, हे धुडकूनं बारशाच्या आधीच ठरवून टाकलं होतं. त्याची बायको सुषमा झोळीच्या पाळण्याची दोरी धरून म्हणाली, "आते मी याले रागे कशी भरू? जगद्गुरू, माती खाऊ नको, आसं म्हणू?"

"रागे भरूच नको," धुडकू म्हणाला. धुडकं म्हणजे चिंधी. दृष्ट लागू नये म्हणून आईबापांनी त्याचं नाव असं ठेवलं आणि तीस वर्षं लोकांनी त्याला चिंधीसारखंच वागवलं. मुलाला लोकांनी हात जोडूनच हाक मारावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

एक मात्र झालं, नाव एवढं मोठं की त्याला एकेरी हाक जोडायला धुडकूचीच जीभ वळेना. तोही मुलाला अहोजाहो करू लागला.

पोर सव्वा महिन्याचं असताना त्याला सर्दी झाली. पर्वत पाटियाच्या यंत्रमागाच्या कारखान्यात धुडकूनं मुकादम मगनभाईकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

"घर पे जगद्गुरु हैं, उनकी तबियत ठीक नहीं."

मगनभाईनं तोंडातला मावा थुंकला. "क्यारे आव्या?"

"सवा महिना हो गया."

"अने तू आज बोलता है? खाते क्या हैं?"

"खाली दूध पे हैं."

"कुछ बोलते हैं?"

"अभी तो नहीं बोलते."

मगनभाईनं तिथल्या तिथे हात जोडले. सव्वा महिना दुधावर राहून मौन पाळणारे महाराज, तेही आपल्या कामगाराच्या खोलीत. त्यानं कारखान्याच्या शेठना फोन लावला.

धुडकू घरी पोचून सुषमाला दवाखान्यासाठी तयार व्हायला सांगतोय, तोच गल्लीच्या तोंडाशी शेठची गाडी थांबली. मागोमाग चाळीस कामगार, हातात नारळ.

"क्यां छे महाराज?" शेठनं हलक्या आवाजात विचारलं.

"शेठ, वो तो..." धुडकूनं गोंधळून झोळीकडे बोट दाखवलं. पुढचं ऐकून घ्यायला शेठ थांबलेच नाहीत. त्यांनी जमिनीलगत लोंबणाऱ्या झोळीसमोर सरळ साष्टांग नमस्कार घातला. इतक्यात झोळीतून शिंक आली. शेठनं मान वर केली, कापड बाजूला सारलं आणि आत पाहिलं.

आत नाक गळणारं तान्हं पोर होतं. शेठ जमिनीवर पालथे आणि दारात चाळीस कामगार बघताहेत. आता उठून हसं करून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं.

"मने खबर हती," सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं ते गंभीरपणे म्हणाले. "बाळक एटले भगवान." आणि त्यांनी पुन्हा डोकं टेकलं. मग चाळीस जण ओळीनं टेकले.

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की रांग लागू लागली. कडोदऱ्याहून एकजण बंद पडलेला माग चालू होईल का, असं विचारून गेला. पोराला उचकी लागली आणि माग दुसऱ्या दिवशी चालू झाला. मग तर बायका पोराच्या आंघोळीचं पाणी तीर्थ म्हणून न्यायला लागल्या. सुषमा पोराला पाजायला बसली, तर रांगेतली एक बाई तिलाच म्हणाली, "बाई, आधी नंबर लावा."

त्या दिवशी सुषमानं पिशवी भरली. "नाव बदला, नाही ते मी पोऱ्याले लिसन माहेरले जास."

धुडकू गुमान पालिकेच्या कचेरीत गेला. जगद्गुरू खोडून त्यानं ललित लिहून घेतलं. घरी येऊन दाराला पाटी लावली: 'बाळाचे नाव ललित आहे. कृपया गर्दी करू नये.' त्या दिवसापासून त्यानं पोराला अरेतुरे सुरू केलं आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं.

सकाळी दार उघडलं, तर रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. सगळ्यांत पुढे शेजारचा निंबा आप्पा उभा होता. पाटीवर बोट ठेवून तो मागच्या नवख्या माणसाला समजावत होता.

"ललित हे महाराजांचं पूर्वाश्रमीचं नाव."